सर्व्हरचा प्रोसेसर बदलायचाय, आधी काय काय बघावं?

खटपट्या:
मंडळी, जाणकारांचा सल्ला हवाय. आमच्या ऑफिसात दोन सॉकेटचा (प्रोसेसर बसायच्या दोन जागांचा) एक जुना रॅक सर्व्हर आहे. त्यात इंटेलचे झिऑन ई५-२६२० व्ही३ प्रोसेसर दोन आहेत, म्हणजे सहा अधिक सहा असे बारा कोर. रॅम १२८ जीबी, सगळी डीडीआर४ २१३३ ची. डिस्क मागेच एसएसडी करून घेतल्या. वर काही व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने केलेले वेगवेगळे संगणक) चालतात, त्यात एक विंडोज सर्व्हर, एका लिनक्सवर पोस्टग्रेस डेटाबेस आणि बाकी किरकोळ. एरवी ठीक चालतं पण महिनाअखेरीला हिशोबाचे रिपोर्ट काढायला घेतले की सगळं रडतखडत, लोक माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात.

नवीन सर्व्हरला सध्या मंजुरी नाही. वाचनात आलं की याच सॉकेटमध्ये ई५-२६८० व्ही४ बसतो, चौदा कोरचा, आणि वापरलेले नग सहज मिळतात. म्हणजे बाराचे थेट अठ्ठावीस कोर. डेस्कटॉपचे प्रोसेसर मी बदललेत, सर्व्हरला अजून हात लावलेला नाही. हे घरच्या घरी जमण्यासारखं आहे का, आणि काढायच्या आधी काय काय तपासून ठेवू?

गारवा:
जमेल. पहिली गोष्ट म्हणजे बायोस, मशीन चालू होताना आधी चालणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर. व्ही३ म्हणजे हॅसवेल, २०१४ चा, आणि व्ही४ म्हणजे ब्रॉडवेल, २०१६ चा. सॉकेट दोघांचं एकच, एलजीए २०११-३, पण २०१६ च्या आधीच्या बायोसला व्ही४ ओळखूच येत नाही. म्हणून जुने प्रोसेसर आत असतानाच बायोस अपडेट करायचा, मशीन चालू करून खात्री करायची आणि मगच झाकण उघडायचं. क्रम उलटा झाला तर पंखे फिरतात, स्क्रीन काळी, आणि परत जुने बसवण्यात सगळी रात्र जाते. काही मशीनमध्ये खूप जुन्या आवृत्तीवरून एकदम शेवटच्या आवृत्तीवर उडी मारता येत नाही, मधली एखादी टाकावी लागते. रिलीज नोट्स नीट वाचा.

आणि व्ही१, व्ही२ चे नग स्वस्तात मिळाले तरी बघू नका. ते साध्या एलजीए २०११ चे, रॅम डीडीआर३ ची, यात बसणार नाहीत.

वाचनमात्र:
वाचतोय. आमच्याकडेही अगदी हेच मशीन आहे.

रात्रपाळी:
खटपट्या, प्रोसेसर जरूर बदला, पण त्याआधी मला एक सांगा, रिपोर्ट चालू असताना नेमकं काय अडतंय हे पाहिलंय का? कारण "मशीन स्लो आहे" यातून काहीच कळत नाही. महिनाअखेरीला रिपोर्ट चालू करा, पोस्टग्रेसच्या मशीनवर टॉप ही कमांड उघडा आणि १ दाबा, प्रत्येक कोर वेगळा दिसेल. आता चार शक्यता आहेत. सगळे कोर भरलेत, म्हणजे कोर कमी पडताहेत, तुमचा चौदा कोरवाला उपयोगी पडेल. एकच कोर शंभर टक्के आणि बाकीचे झोपलेले, म्हणजे काम एकाच थ्रेडवर चाललंय, तिथे कोर कितीही वाढवा, फरक पडणार नाही, तिथे वेग लागतो. वेटिंगचा आकडा, तो डब्ल्यूए वाला, चढलेला असेल तर डिस्क अडवतेय. आणि एसटी चढलेला असेल तर व्हर्च्युअल मशीनला खालून सीपीयूच मिळत नाहीये, शेजारची मशीनं खाताहेत.

आता गंमत बघा. २६२० व्ही३ चा टर्बो, म्हणजे जोर लागतो तेव्हाचा कमाल वेग, ३.२ गिगाहर्ट्झ. तुम्ही जो घ्यायला निघालात त्या २६८० व्ही४ चा टर्बो ३.३. बेस, म्हणजे नेहमीचा वेग, दोघांचाही २.४. म्हणजे रिपोर्ट जर एकाच कोरवर चालत असेल तर एवढा सगळा खटाटोप करून तुमच्या टेबलापाशी उभी असलेली माणसं तिथेच उभी राहतील. कोरांचा आकडा बघून प्रोसेसर घेणं ही सर्व्हरच्या बाबतीत सगळ्यात जास्त होणारी चूक आहे आणि ती प्रोसेसर घेऊन झाल्यावर लक्षात येते, म्हणून इतकं तपशिलात लिहितोय.

आणखी एक, बायोसमधली पॉवर प्रोफाइल बघा. बरेच सर्व्हर वीज वाचवण्याच्या मोडवर असतात आणि पुढे वर्षानुवर्षं तिकडे कुणी बघत नाही. ती परफॉर्मन्सवर केली तर कधी कधी प्रोसेसर न बदलता भागतं.

मुंगी:
रात्रपाळींशी सहमत, आणि त्यात लायसन्सची भर घालते. विंडोज सर्व्हर २०१६ पासून लायसन्स कोरवर मोजतात. दर प्रोसेसरला किमान आठ आणि दर सर्व्हरला किमान सोळा कोर धरावेच लागतात. तुमचे आत्ता बारा आहेत तरी तुम्ही सोळाचं घेतलेलं असणार. अठ्ठावीस झाले की वरच्या बारा कोरांचं लायसन्स लागेल, आणि साध्या कायमच्या लायसन्सला (सॉफ्टवेअर अश्युरन्स किंवा सबस्क्रिप्शन नसेल तर) व्हर्च्युअल मशीनला चारच कोर दिलेत हे कारण चालत नाही, खालच्या मशीनचे सगळे भौतिक कोर मोजतात. एसक्यूएल सर्व्हरही २०१२ पासून कोरवर गेलाय. तुमचा पोस्टग्रेस आहे म्हणून तिथे सुटलात. पण प्रोसेसर स्वस्तात मिळाला आणि लायसन्स त्याच्या कितीतरी पट पडलं असं पुष्कळ ठिकाणी होतं.

खटपट्या:
हे लायसन्सचं अजिबात डोक्यात नव्हतं! धन्यवाद मुंगी. रात्रपाळी, मोजमाप करून सांगतो, महिनाअखेर जवळच आहे.

नवा_गडी:
माझं मत वेगळं आहे. २०१४ च्या मशीनमध्ये पुन्हा पैसा आणि वेळ कशाला घालायचा? पंखे, पॉवर सप्लाय, डिस्क सांभाळणाऱ्या रेड कार्डाची बॅटरी, सगळंच म्हातारं झालंय. वॉरंटी संपलेली. वापरलेल्या प्रोसेसरला कसलीच हमी नाही. उद्या मदरबोर्ड गेला तर नवे प्रोसेसर हातात धरून बसायचं. एक सॉकेटचा आत्ताचा छोटा सर्व्हर या दोन जुन्या प्रोसेसरांना सहज मागे टाकतो आणि वीज कमी खातो. मंजुरी नाही म्हणताय, तर मंजुरी मागण्यासाठी नीट कागद तयार करा, तिथे शक्ती लावा.

रात्रपाळी:
नवा_गडी, तत्त्वतः बरोबर आहे. पण कागद तयार करायलाही तेच मोजमाप लागणार ना. आणि मंजुरी येईपर्यंतच्या महिनाअखेरी कुणाला चुकल्यात? प्रोसेसर हा सर्व्हरमधला सगळ्यात कमी बिघडणारा भाग आहे. पंखे जातात, डिस्क जातात, रॅम जाते, पॉवर सप्लाय जातो. नीट वापरलेला प्रोसेसर गेल्याचं मी फार क्वचित पाहिलंय. त्यामुळे वापरलेला घ्यायला माझा विरोध नाही, फक्त काय घेताय ते ओळखता यायला हवं.

उंबरठा:
ओळखण्याबद्दल लिहितो. झाकणावर एस-स्पेक कोड असतो, एसआर पासून सुरू होणारा. २६८० व्ही४ चा एसआर२एन७. त्या जागी क्यू पासून सुरू होणारा कोड असेल किंवा कॉन्फिडेन्शियल असं कोरलेलं असेल तर तो इंजिनीअरिंग सॅम्पल, म्हणजे कंपनीने बाजारात आणायच्या आधी चाचणीसाठी दिलेला नग. काही बोर्डवर चालतो, काहींवर नाही, बायोस अपडेट केला की बंद पडू शकतो. ऑफिसच्या मशीनमध्ये नकोच. दोन्ही नग एकाच मॉडेलचे हवेत आणि कोडही सारखाच घ्या. आणि ई५-१६०० मालिकेतला घेऊ नका, तो एकट्या सॉकेटचा आहे, दोन सॉकेटमध्ये जोडी जमत नाही.

दुसरं, विंडोजवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) असेल तर बायोस अपडेटच्या आधी ते सस्पेंड करा आणि रिकव्हरी की मशीनच्या बाहेर कुठेतरी ठेवा. बायोस बदलला की टीपीएमच्या, म्हणजे त्या किल्ल्या जपणाऱ्या भागाच्या, नोंदी बदलतात आणि चालू होताना की मागते. ज्या मशीनमध्ये टीपीएम प्रोसेसरच्या फर्मवेअरमधला असतो तिथे प्रोसेसर बदलला की आतल्या किल्ल्याच जातात.

प्रश्नचिन्ह:
एक भाबडा प्रश्न. सर्व्हरमध्ये डिस्क चालू मशीनमधून काढता येते, पॉवर सप्लाय काढता येतो, पंखासुद्धा. मग प्रोसेसर का नाही? मशीन बंद न करता एक एक करून बदलता आला असता तर किती बरं झालं असतं.

तारायंत्र:
प्रश्न भाबडा नाही, चांगला आहे. साध्या एक्स८६ सर्व्हरमध्ये नाही जमत, कारण मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच आत असतो. प्रोसेसर काढला की त्याच्या वाटणीची सगळी रॅम आणि त्याला जोडलेले पीसीआय स्लॉट (कार्डं बसवायच्या जागा) एका झटक्यात नाहीसे होतात. ई५ मध्ये दर प्रोसेसरला मेमरीचे चार चॅनेल आणि चाळीस पीसीआय लेन असतात, ते सगळं त्याच्याबरोबर जातं. लिनक्समध्ये कोर ऑफलाइन करता येतो पण ती सॉफ्टवेअरपुरती गोष्ट, वीज चालूच असते. आयबीएमच्या मेनफ्रेममध्ये वेगळी सोय असते, आत राखीव कोर असतात आणि एखादा बिघडला तर काम न थांबता राखीव कोर त्याची जागा घेतो. तिथेही कुणी स्क्रूड्रायव्हर घेऊन जात नाही, मशीन स्वतःच करतं.

व्हर्च्युअल मशीनला काही ठिकाणी चालू असताना कोर वाढवून देता येतात, तेवढं आपल्या हातात आहे.

प्रश्नचिन्ह:
मस्त समजावलंत. म्हणजे एका प्रोसेसरचा सर्व्हर असेल आणि दुसरं सॉकेट रिकामं असेल तर त्या बाजूचे रॅमचे स्लॉट पण मेलेले असणार?

तारायंत्र:
हो. आणि काही पीसीआय स्लॉटसुद्धा. पुष्कळदा माणसं नवीन नेटवर्क कार्ड घालून "कार्ड खराब आहे" म्हणून परत पाठवतात, आणि तो स्लॉट दुसऱ्या सॉकेटचा निघतो.

अनामिका२:
प्रत्यक्ष हाताने करायच्या भागाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, हे काम मी बरेचदा केलंय.

मशीन व्यवस्थित शटडाऊन करा, दोन्ही पॉवर केबल काढा, नुसतं बटण बंद करून चालत नाही, बीएमसी (सर्व्हरवर देखरेख ठेवणारी छोटी चिप) केबल असेपर्यंत जागाच असतो. मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून ठेवा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा आणि तो चॅसिसच्या रंग न लावलेल्या धातूला लावा. वरचं प्लास्टिकचं हवेचं आच्छादन काढताना ते कसं बसलं होतं त्याचा फोटो घ्या.

हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा वरचा धातूचा ठोकळा) काढायच्या आधी मशीन थोडा वेळ चालू राहिलेलं असेल तर बरं, दोघांमधली थर्मल पेस्ट मऊ असते. जुनी पेस्ट वाळून घट्ट धरते, अशा वेळी सरळ वर ओढू नका, स्क्रू थोडे थोडे तिरप्या जोडीने सैल करा म्हणजे समोरासमोरच्या कोपऱ्यांतले, आणि मग हीटसिंक हलकेच डावीउजवीकडे फिरवून सुटा करा. २०११-३ ला दोन लिव्हर असतात. आधी कुठला उघडायचा त्याची खूण शेजारी छापलेली असते, लावताना क्रम उलटा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डेस्कटॉपच्या काही प्रोसेसरांना पिना खाली असतात, इथे पिना सॉकेटमध्ये आहेत, दोन हजाराहून जास्त, आणि केसाइतक्या नाजूक. बोट, कापड, बाही, पेस्टचा थेंब, काहीही तिथे लागू द्यायचं नाही. प्रोसेसर कडांनी धरायचा, कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सरळ खाली ठेवायचा. सरकवायचा नाही. ठेवल्यावर आपोआप बसला पाहिजे, दाबावा लागला तर दिशा चुकलीय. एक प्रोसेसर पूर्ण बसवून झाल्याशिवाय दुसऱ्या सॉकेटला हात लावू नका, दोन्ही उघडी ठेवली की हमखास स्क्रू पडतो.

खटपट्या:
अनामिकाताई, हे प्रिंट काढून रॅकला चिकटवतो.

चष्मिष्ट:
पिनांबद्दल अनामिका२ म्हणतात ते शंभर टक्के खरं. आमच्या जुन्या कंपनीत एका सर्व्हरमध्ये प्रोसेसर बदलल्यावर मशीन छान चालू झालं, सगळे खूश. काही दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की रॅम कमी दिसतेय. रॅमचा नग बदलला, स्लॉट बदलला, तरी तोच स्लॉट रिकामा दाखवतोय. शेवटी प्रोसेसर काढून भिंगाखाली सॉकेट बघितलं तर एका कोपऱ्यात दोन पिना झुकलेल्या. प्रोसेसर चालत होता कारण झुकलेल्या पिना फक्त एका मेमरी चॅनेलच्या होत्या. तेव्हापासून माझा नियम, प्रोसेसर बदलला की सगळ्यात आधी रॅम पूर्ण दिसतेय का ते बघायचं.

आणि पिना झुकलेल्या नसतानाही हे होतं. हीटसिंकचा दाब एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी पडला तरी कोपऱ्यातल्या पिनांचा संपर्क नीट होत नाही आणि एखादा चॅनेल गायब होतो.

नवा_गडी:
हा दाबाचा प्रकार नव्या मोठ्या सॉकेटमध्ये जास्त आहे का? आमच्याकडे एलजीए ३६४७ आहेत, ते पण कधीतरी बदलायला लागतील.

अनामिका२:
हो, तिथे पद्धतच वेगळी. ३६४७ मध्ये म्हणजे २०१७ च्या झिऑन स्केलेबलपासून लिव्हर नाहीत. प्रोसेसर प्लास्टिकच्या पट्टीत बसवून ती पट्टी हीटसिंकला खालून अडकवतात आणि दोन्ही मिळून एकदम सॉकेटवर उतरवतात. पकडून ठेवणारा सगळा दाब हीटसिंकच्याच स्क्रूचा, टी३० टॉर्क्सचे, आणि हीटसिंकवर क्रमांक छापलेले असतात त्याच क्रमाने आवळायचे, १२ इंच-पाउंड. टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर असेल तर उत्तम. एएमडीच्या एपिक या सर्व्हर प्रोसेसरच्या एसपी३ सॉकेटला तीन स्क्रू असतात, १-२-३ असे आवळायचे आणि ३-२-१ असे सोडायचे. अंदाजाने पिळायचं काम दोन्हीकडे नाही.

उंबरठा:
एपिकचा विषय निघालाच आहे तर एक सावधगिरी. काही मोठे सर्व्हर उत्पादक आपल्या बोर्डमध्ये प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट चालू ठेवतात, त्यात प्रोसेसर पहिल्यांदा चालू होताना त्या उत्पादकाच्या फर्मवेअरच्या किल्लीशी कायमचा बांधला जातो. आतले फ्यूजच जळतात, त्यामुळे परत सोडवता येत नाही. तो वापरलेला नग दुसऱ्या उत्पादकाच्या बोर्डवर टाकला तर चालूच होत नाही. विकणाऱ्याला कुठल्या मशीनमधून काढलाय ते विचारल्याशिवाय वापरलेला एपिक घेऊ नये. खटपट्यांच्या ई५ ला ही भानगड नाही.

शून्य_एक:
थर्मल पेस्ट किती लावायची? आमच्याकडे यावर दोन तट आहेत. एक म्हणतो मधोमध एक थेंब, दुसरा म्हणतो कार्डाने सगळीकडे पसरवा.

गारवा:
२०११-३ ला मधोमध मटाराएवढा थेंब पुरतो, हीटसिंकच्या दाबाने पसरतो. ३६४७ किंवा एपिकसारख्या मोठ्या झाकणाला एक थेंब कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, तिथे पातळ थर पसरवा किंवा थोडे जास्त थेंब द्या. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, प्रोसेसरवरची आणि हीटसिंकवरची दोन्ही. एकदा उचललेला हीटसिंक त्याच पेस्टवर परत ठेवायचा नाही.

शून्य_एक:
म्हणजे दोन्ही तट बरोबर. उद्या ऑफिसात शांतता नांदेल :)

खटपट्या:
महिनाअखेर झाली, मोजमाप केलं. रात्रपाळी, तुम्ही सांगितलेलं तंतोतंत निघालं. रिपोर्ट चालू असताना पोस्टग्रेसच्या मशीनवर एक कोर सतत शंभर, बाकीचे तीन जवळजवळ रिकामे. डब्ल्यूए नगण्य. एसटी मधूनमधून चढतो, म्हणजे दिवसा गर्दी असताना बाकीची मशीनंही थोडं खातात. पॉवर प्रोफाइल खरोखरच वीज वाचवण्यावर होती, ती बदलली, थोडा फरक पडला पण पुरेसा नाही. आता २६८० व्ही४ घेण्यात अर्थ नाही हे पटलं. मग काय घेऊ?

रात्रपाळी:
ई५-२६६७ व्ही४ बघा. आठ कोर, बेस ३.२, टर्बो ३.६, कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) २५ एमबी. तुमच्या आत्ताच्या प्रोसेसरची कॅश १५ एमबी आहे, डेटाबेसला त्या फरकाचा फायदा होतो. शिवाय २६२० व्ही३ रॅम १८६६ च्या वर चालवतच नाही, तुमची २१३३ ची रॅम इतकी वर्षं सावकाश चालली होती. व्ही४ चा हा नग २४०० पर्यंत चालवतो, म्हणजे तुमची रॅम निदान तिच्या पूर्ण वेगाने, २१३३ ने धावेल. बारा कोरांचे सोळा होतात त्यामुळे एसटी पण खाली येईल.

मुंगी:
आणि दोन गुणिले आठ बरोबर सोळा! विंडोजचं जे किमान सोळाचं लायसन्स आधीच आहे त्यात चपखल बसतं, वरचं काही लागत नाही. हा खरंच छान निवडलात रात्रपाळी.

गारवा:
थांबा, उष्णतेचं बघा. २६२० व्ही३ हा ८५ वॉटचा आहे, २६६७ व्ही४ हा १३५ वॉटचा. दोन मिळून शंभर वॉट जास्त. कमी वॉटच्या प्रोसेसरबरोबर मशीन घेतलेलं असेल तर आतला हीटसिंक बहुतेक छोटा असतो, मोठ्या वॉटला वेगळा उंच हीटसिंक आणि कधी कधी जास्त वेगाचे पंखे लागतात. उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये कुठल्या वॉटला कुठला हीटसिंक याचा तक्ता असतो, तो बघा. हीटसिंक घेताना सॉकेट चौकोनी आहे की अरुंद तेही बघा, २०११-३ मध्ये दोन्ही प्रकार येतात आणि स्क्रूची भोकं जुळत नाहीत. पॉवर सप्लाय दोन असले तरी एक गेल्यावर उरलेल्या एकट्यावर सगळा भार पेलला पाहिजे, हिशोब एकाचाच धरा.

पाटीपेन्सिल:
उशिरा येतेय पण रिपोर्टबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. एकच कोर भरतोय म्हणजे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) एकाच थ्रेडवर चालतेय. पोस्टग्रेसची आवृत्ती कुठली? ९.६ पासून एकच क्वेरी अनेक कोरांवर चालवता येते, पण ९.६ मध्ये ती सोय मुळात बंद असते, १० पासून दोन वर्कर (काम वाटून घेणाऱ्या जोडीच्या प्रक्रिया) देऊन चालू असते. जुन्या आवृत्तीवर असाल तर प्रोसेसर येईपर्यंत ते करून बघा. आणि क्वेरी कशी चालते ते दाखवणारं एक्सप्लेन अॅनलाइझ चालवून बघा, आख्खं टेबल वाचत बसत असेल तर एक इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी यादी) हे सगळे गिगाहर्ट्झ मागे टाकेल. मी प्रोसेसर बदलू नका असं म्हणत नाहीये, पण क्वेरी तशीच ठेवून प्रोसेसर बदलला तर टर्बोच्या हिशोबाने साधारण आठवा हिस्साच वेग वाढेल, त्याहून फार जास्त अपेक्षा ठेवू नका.

खटपट्या:
पाटीपेन्सिल, ९.६ च आहे! एक्सप्लेन चालवला तर दोन रिपोर्ट खरंच आख्खं टेबल वाचत होते. इंडेक्स टाकले. ते दोन आता चुटकीसरशी येतात. उरलेले जड रिपोर्ट मात्र सगळ्या वर्षाची बेरीज करतात, तिथे वाचावंच लागतं. तिथे वर्कर वाढवले तर वेग येतो पण मग कोर कमी पडून बाकीची मशीनं कण्हतात. त्यामुळे २६६७ व्ही४ ची जोडी मागवलीय, मोठे हीटसिंकही. पॉवर सप्लाय पुरेसे आहेत, तक्त्यात बघितलं. बायोस अपडेट झाला, सगळ्या सेटिंगचे फोटो काढलेत.

अनामिका२:
बायोस अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर जातात कधी कधी, तेव्हा व्हर्च्युअलायझेशन चालू आहे ना, बूट मोड तोच आहे ना, एवढं नक्की बघा. आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा स्क्रीन बराच वेळ काळी राहील, मेमरी ट्रेनिंग चालू असतं. रॅम जास्त असेल तर काही मिनिटं. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

खटपट्या:
रविवारी बसवले. काळ्या स्क्रीनचं आधी सांगितलंत ते फार बरं झालं. मशीन चालू झालं, बायोसमध्ये दोन्ही २६६७ व्ही४ दिसतात. पण रॅम ११२ जीबी दाखवतेय. १६ जीबीचे आठ नग आहेत, त्यातला दुसऱ्या प्रोसेसरचा एक गायब. बीएमसीच्या लॉगमध्येही त्याच स्लॉटची नोंद आहे. चष्मिष्ट, तुमचीच गोष्ट आठवली. आता?

चष्मिष्ट:
घाबरू नका. आधी त्या स्लॉटमधला नग आणि चालणाऱ्या स्लॉटमधला नग अदलाबदल करा. तक्रार नगाबरोबर सरकली तर रॅम खराब, स्लॉटवरच राहिली तर सॉकेट किंवा दाब.

खटपट्या:
केलं. स्लॉटवरच राहतेय.

अनामिका२:
मग दुसऱ्या प्रोसेसरचा हीटसिंक आणि प्रोसेसर काढा. टॉर्च तिरका धरून सॉकेटकडे चारी बाजूंनी बघा, पिनांच्या ओळी सगळीकडून सारख्या चमकल्या पाहिजेत, एखादी वेगळ्या दिशेला चमकली तर ती झुकलीय. फोनने जवळून फोटो काढून मोठा करून बघितला तरी कळतं. पिना ठीक असतील तर प्रोसेसरच्या खालचे सोनेरी ठिपके बघा. वापरलेल्या नगावर बोटांचे डाग किंवा पेस्टचा अंश असतो, आयसोप्रोपिलने पुसून पूर्ण वाळू द्या. मग परत बसवा आणि स्क्रू तिरप्या जोडीने, थोडे थोडे, चारही सारखे.

खटपट्या:
सापडलं! पिना सगळ्या सरळ आहेत. प्रोसेसरच्या खाली एका कडेला वाळलेल्या पेस्टचा पातळ ओघळ होता, आधीच्या मालकाकडचा असणार, माझी पेस्ट करड्या रंगाची आहे आणि हा पांढरा होता. पुसला, वाळवला, पुन्हा बसवला. १२८ जीबी पूर्ण, २१३३ ने. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावून ठेवतो.

वाचनमात्र:
कसोटीच्या सामन्यासारखा धागा चाललाय हा.

रात्रपाळी:
मेमटेस्टनंतर स्ट्रेस-एनजी या प्रोग्रॅमने सगळे कोर तासभर भरा आणि तापमान बघा. कोरांचा वेग दाखवणाऱ्या टर्बोस्टॅटमध्ये वेग टिकतोय का, की तापल्यावर खाली येतोय, तेही बघा. हवेचं आच्छादन नीट बसलं नसेल तर एकच प्रोसेसर जास्त तापतो, मागच्या बाजूचा थोडा जास्त असणं साहजिक आहे कारण त्याला पुढच्याची गरम हवा मिळते.

खटपट्या:
मेमटेस्ट स्वच्छ, स्ट्रेसमध्ये वेग टिकला, मागचा थोडा गरम पण मर्यादेत. महिनाअखेर पण झाली. वर्षाचे रिपोर्ट वर्कर वाढवून चालवले, बाकीच्या मशीनना धक्का नाही, एसटी शून्याच्या आसपास. सगळ्यात जास्त फरक इंडेक्सने पडला, त्याखालोखाल वर्करांनी, आणि वर्करांना जागा या प्रोसेसरांनी करून दिली. नुसते अठ्ठावीस कोर घातले असते तर लायसन्सचा भुर्दंड आणि रिपोर्ट तिथेच. सगळ्यांचे मनापासून आभार. आता या जुन्या २६२० जोडीचं काय करू?

अनामिका२:
अंगठ्याने न हाताळता त्या प्लास्टिकच्या पेटीत ठेवा, नवे ज्यातून आले त्यातच बसतील. निदान पुढची महिनाअखेर पार पडेपर्यंत ठेवाच. नवीन बायोसवर व्ही३ पण चालतो, त्यामुळे काही झालं तर अर्ध्या तासात परत मागे येता येईल. जुने छोटे हीटसिंकही टाकू नका.

वाचनमात्र:
खटपट्या, तुम्हाला व्यनि केलाय, तो हीटसिंकचा तक्ता मॅन्युअलच्या कुठल्या पानावर आहे ते सांगा प्लीज.